बिनटपाच्या गाडीचे पांघरूण: लातुरात शिवून घेतलेल्या कव्हरविषयी

लातूरच्या आडत बाजाराच्या मागे जिथे मालट्रक उभे राहतात, तिथल्या ओळीत एक गाळा आहे. त्याला नाव असे नाही. पाटीवर ‘हूड, सीट, ताडपत्री’ एवढे तीनच शब्द रंगवलेले आहेत आणि त्यातला शेवटचा अर्धा पुसलेला आहे. या गाळ्यातून मी गेल्या चैत्रात माझ्या उघड्या गाडीसाठी मापाचे जलरोधक कव्हर शिवून घेतले. त्यावरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यानंतरच त्याविषयी लिहायचे, असे ठरवले होते. निर्णय आधीच सांगून टाकतो: काम उत्तम झाले, पण ते पहिल्या खेपेला झाले नाही, आणि जे चुकले त्यात कारागिराचा वाटा होता तितकाच माझाही होता.

गाडीची ओळख करून दिल्याशिवाय कव्हरची अडचण कळणार नाही. मूळ सांगाडा वडिलांच्या जुन्या पेट्रोल जीपचा आहे, म्हणजे विलीज या अमेरिकी कंपनीच्या ज्या ‘सीजे-३बी’ नमुन्याच्या जीप महिंद्रने आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवल्या, त्यांपैकी एक. हा नमुना अमेरिकेत १९५३ साली आला आणि त्याचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच ठेवावे लागले, कारण त्यात बसवलेले ‘हरिकेन’ इंजिनच जास्त उंच होते. या उंच बॉनेटने पुढे मला बराच त्रास दिला. माझ्या पुतण्याला हॉट रॉडचे, म्हणजे जुनी गाडी कापून-छाटून हलकी आणि वेगवान करण्याचे, वेड आहे. त्याने दोन वर्षे खपून टप काढला, पुढची काच कापून वीतभर उंचीची केली, बॉनेटचे बाजूचे पत्रे उतरवले, एअर फिल्टर बॉनेटला भोक पाडून वर आणला आणि सायलेन्सरचे नळे दोन्ही अंगांनी बाहेर काढले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे फेरफार नोंदणीशी जुळत नसल्याने ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर जात नाही. घराच्या आवारात आणि आमच्याच शेतातल्या वाटेवर तिचा काय तो संचार.

हॉट रॉड हा प्रकार दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला. १९३०च्या दशकात तिथली तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड आणि टप उतरवून, वजन घटवून, म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळवत असत. अशा शर्यतींना शिस्त लावणारी तिथली संघटना १९३७ साली स्थापन झाली. फोर्डने १९३२ साली स्वस्तातल्या गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन दिल्यावर या छंदाला खरी गती आली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की ज्या गाडीचा घाट कोरड्या तळ्यात ठरला, तिच्यात पाणी अडवण्याची सोय मुळातच नसते. आता लातूरकराने पाण्याची तक्रार करावी हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. २०१६च्या एप्रिलमध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले होते. परंतु आपल्याकडचा पाऊस महिनाभर रुसतो आणि मग एका दुपारी सगळी थकबाकी वसूल करतो. उघड्या गाडीला वर्षाची सरासरी विचारात घेऊन चालत नाही, त्या एका दुपारचा हिशेब करावा लागतो.

आधी मी सोपा मार्ग धरला होता. जीपसाठी म्हणून विकले जाणारे तयार कव्हर घरपोच मागवले. ते टप असलेल्या जीपच्या मापाचे असल्याने माझ्या बुटक्या गाडीवर थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तसे लोंबत होते. वारा सुटला की त्याचा फुगा होई आणि फडफडणारी कड मडगार्डच्या रंगावर सारखी घासत राही. कापड पातळ पॉलिस्टरचे, आतून चंदेरी मुलामा दिलेले. तो मुलामा एका उन्हाळ्यात कोंड्यासारखा झडू लागला आणि सीटवर चंदेरी भुसा साचला. मोठ्या अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या त्या कापडाला शिलाईच्या प्रत्येक रेषेवर सुईची हजारो भोके होती आणि त्यांचा बंदोबस्त कोणी केलेला नव्हता.

गाळ्यातल्या कारागिरांना सगळा बाजार चाचा म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणेन. त्यांचा मुख्य धंदा ट्रकच्या ताडपत्र्यांचा आणि शेतकऱ्यांच्या खळ्यावरच्या झाकणांचा आहे. गाडीची कव्हरे हे त्यांच्या दृष्टीने किरकोळ काम. मी जुने कव्हर दाखवले तेव्हा त्यांनी ते उजेडाकडे धरले, शिलाईवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “साहेब, पाणी कपड्यातून येत नाही. सुईतून येतं, नाही तर साचून येतं.” या दोन वाक्यांत त्यांनी सगळे सांगितले होते. त्यातले पहिले मी लगेच मनावर घेतले आणि दुसरे मनावर घ्यायला मला वळवाच्या पावसापर्यंत थांबावे लागले.

माप घेण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते टेप लावून आकडे लिहीत नाहीत. त्यांनी गाडीवर पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरला, तो चिकटपट्टीने ठिकठिकाणी ताणून बसवला आणि जिथे कापड वळायला हवे तिथे तेलकट खडूने रेषा ओढल्या. बॉनेटची कड, काचेची चौकट, स्टिअरिंगचा वरचा टोक, मागच्या पत्र्याची वळणे, दोन्ही बाजूंच्या नळ्यांची जागा, हे सगळे त्या कागदावर उतरले. नंतर तो कागद रेषांवर कापून त्याचे अकरा तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याभोवती चार बोटे माया धरून कापड बेतले गेले. शिंपीकामात कापडाच्या जास्तीच्या कडेला माया म्हणतात हे मला आईमुळे ठाऊक होते, पण ताडपत्रीवाल्याच्या तोंडून तो शब्द ऐकताना बरे वाटले. चाचांचे म्हणणे असे की ब्लाऊजला बोटभर माया पुरते, जाड कापडाला पुरत नाही, कारण त्यात कडा एकमेकींत दुमडून अडकवायच्या असतात.

कापडाच्या निवडीवर आमची बरीच चर्चा झाली. माझा आग्रह असा होता की संपूर्ण कव्हर पीव्हीसीचा लेप दिलेल्या जाड पॉलिस्टरचे, म्हणजे ट्रकवर वापरतात त्याच जातीचे असावे. त्या कापडातून पाणी खरोखरच जात नाही. ते दर चौरस मीटरला साधारण साडेपाचशे ग्रॅम भरते आणि आपल्या उन्हात काही वर्षे टिकते. चाचांनी त्याला विरोध केला. ज्या कापडातून पाणी आत जात नाही त्यातून वाफही बाहेर पडत नाही, ही गोष्ट त्यांनी गव्हाच्या थप्पीचे उदाहरण देऊन समजावली: ओलसर धान्यावर ताडपत्री घट्ट आवळली तर वरून थेंब न पडताही वरचा थर काळा पडतो. गाडीचेही तसेच होते. रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षा लवकर गार होतो. कव्हरखाली कोंडलेल्या दमट हवेतले पाणी त्या गार पत्र्यावर दवासारखे जमते आणि सकाळी ते जायला वाट नसते. पावसापासून वाचवलेली गाडी अशी घामाने गंजते. पूर्वी ज्या सुती कॅनव्हासचे हूड असत, त्यांत सूत भिजले की फुगून विणीतली भोके बुजवत असे आणि सुकले की पुन्हा हवा खेळत असे. मात्र ते कापड जड असते, बुरशी धरते आणि त्याला वरचेवर मेणाचा हात द्यावा लागतो.

अखेरीस तडजोड अशी झाली की वरचा सगळा भाग, म्हणजे बॉनेट, बसण्याची जागा आणि मागचा पत्रा यांवर येणारा, पीव्हीसीच्या कापडाचा करायचा. आणि बाजूंनी खाली लोंबणाऱ्या झालरी हलक्या, हवा जाऊ देणाऱ्या पॉलिस्टरच्या करायच्या. सरळ उभ्या कापडावर पाणी थांबत नाही, त्यामुळे तिथे पूर्ण जलरोधकतेची गरजही नसते. शिवाय पुढे आणि मागे एकेक झरोका ठेवला. झरोका म्हणजे कापडात कापलेली हातभर फट, तिला आतून बारीक जाळी आणि वरून कापडाचीच पागोळीसारखी छपरी. रंग मी राखाडी निवडला, कारण गडद निळे कापड मे महिन्यात हात लावू देत नाही. रंगवलेल्या पत्र्याला आणि काचेला कापड जिथे टेकते तिथे आतून फलालीनचे अस्तर दिले आहे. हे अस्तर केवळ ओरखड्यांसाठी नाही. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेले असते ते उन्हात पाझरते आणि रंगावर डाग पाडू शकते, म्हणून असे कापड थेट रंगावर तापू देऊ नये. हा मुद्दा मात्र मी चाचांना सांगितला, त्यांनी मला नाही. ट्रकमधल्या सोयाबीनला रंगाची काळजी नसते.

शिवण ही या कामातली सर्वांत चांगली बाब आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. दोन तुकडे जोडताना त्यांच्या कडा नुसत्या एकावर एक ठेवून शिवलेल्या नाहीत. प्रत्येक कड दुसरीच्या आत दुमडली आहे, म्हणजे जोडाच्या जागी कापडाचे चार पदर येतात, आणि त्यावरून दोन समांतर शिलाया गेल्या आहेत. दुमड नेहमी उताराच्या दिशेने आहे. वरचे कौल खालच्या कौलावर चढवतात तसा वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढतो, त्यामुळे ओघळणारे पाणी जोडाच्या तोंडाशी येतच नाही. टाका चार ते पाच मिलिमीटरचा लांब ठेवला आहे. बारीक टाका म्हणजे पक्की शिवण हा समज जाड कापडात उलटा ठरतो, कारण जवळजवळ पडलेल्या भोकांनी पोस्टाच्या तिकिटासारखी रेघ तयार होते आणि ताण आला की कापड तिथेच फाटते. दोरा पॉलिस्टरचा आहे. नायलॉनचा दोरा हाताला अधिक मजबूत लागतो, पण उन्हात तो लवकर कुजतो, आणि ट्रकवाले एका वर्षात परत येऊन भांडतात म्हणून चाचांनी तो कधीच सोडून दिला आहे. शेवटी वरच्या भागातल्या सगळ्या जोडांवर आतून त्याच कापडाची दोन बोटे रुंद पट्टी गरम हवेच्या बंदुकीने वितळवून चिकटवली. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात छोटा रूळ, आणि पट्टी पुढे सरकत असताना तिच्या कडेने पातळ चकाकणारी रेघ उमटत जाते. ती रेघ सलग दिसली की जोड बसला असे समजायचे. गाळ्यातला शिकाऊ पोरगा हे काम करताना श्वास रोखून धरत होता. सिलिकॉनची ट्यूब मारून भोके बुजवण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, परंतु सिलिकॉन पीव्हीसीवर नीट धरत नाही आणि काही दिवसांत साल निघावी तसे निघून येते.

कव्हर घरी आले, बसले आणि दिसायला फार देखणे दिसले. मी त्यावर इतका खूश होतो की गाडीच्या उघड्या भागावर कापड कोणत्याही आधाराविना ताणलेले आहे याकडे माझे लक्षच गेले नाही. खरे सांगायचे तर चाचांनी आधाराचा विषय काढला होता आणि लोखंडी कमानींमुळे खर्च आणि खटाटोप वाढेल म्हणून मीच तो टाळला होता. मे महिन्याच्या मध्यावर वळीव आला. अर्धा-पाऊण तास पाऊस झाला असेल. बाहेर येऊन पाहतो तो सीटच्या वरच्या बाजूला कापडाचा खोल हौद झालेला, आणि त्यात लिंबाची पाने तरंगत होती. उंच बॉनेटवरून आलेले पाणीही उतरत्या कापडावरून त्याच हौदात गेले होते. आमच्या न्हाणीघरातल्या पंधरा लिटरच्या बादलीने मी ते उपसले: तीन बादल्या भरल्या आणि चौथी निम्म्याच्या आसपास. म्हणजे पन्नास लिटर, वजनाने पन्नास किलो, सिमेंटची एक पूर्ण गोणी कापडाच्या झोळीत ठेवल्यासारखे. त्या ओझ्याने मागच्या बाजूच्या दोन पितळी आयलेट, म्हणजे कापडाच्या भोकात ठोकलेल्या कड्या, ताणून लांबट झाल्या होत्या आणि झोळीचा तळ गिअरच्या दांडीवर टेकून तिथे लेप घासला गेला होता.

हिशेब साधा आहे आणि तो मी आधी करायला हवा होता. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बसण्याची उघडी जागा जवळपास दोन चौरस मीटर. पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला की पन्नास लिटर होतात, बॉनेटचे पाणी वेगळेच. कापड कितीही भारी असले तरी एकदा खळगा पडला की पाणी खळगा वाढवते आणि वाढलेला खळगा आणखी पाणी ओढतो. ज्याचे बालपण माळवदाच्या घरात गेले आहे त्याला हे शिकवावे लागू नये. मृगाच्या आधी माळवदावर चढून पांढरी माती पसरायची, उतार पन्हाळीकडे आहे ना ते पाहायचे, ही कामे मी स्वतः केलेली आहेत. धाब्यावर पाणी थांबले की घर गळणार, हे माहीत असलेला माणूस गाडीवर सपाट धाबे करून बसला होता.

चाचांकडे कव्हर परत नेले तेव्हा त्यांनी मला एका शब्दाने टोचले नाही. त्यांनी फक्त विचारले, “आता आढं घालायचं का?” त्याच ओळीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून त्यांनी पातळ लोखंडी नळीचे एक आढे करून घेतले. ते काचेच्या चौकटीपासून सीटमागच्या लोखंडी कमानीपर्यंत गाडीच्या मधोमध जाते, आणि त्याला दोन्ही बाजूंना वाकवलेल्या दोन-दोन नळ्या वाशांसारख्या बसतात. पाचही तुकडे निघतात आणि सीटखाली मावतात. टोकांना रबरी बुचे आहेत, त्यामुळे कापडाला किंवा रंगाला टोचत नाहीत. आढे बॉनेटच्या मागच्या कडेपेक्षा वीतभर उंच येते. कव्हरच्या मधल्या पट्ट्यात नेफा शिवून आढे त्यात अडकवले आहे, त्यामुळे वाऱ्याने कापड सरकत नाही. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये जो घळीसारखा भाग होता, तिथे त्यांनी कापडाचा एक त्रिकोणी तुकडा उचलून घेतला आणि पाण्याला दोन्ही अंगांना वाट करून दिली. त्यानंतर या कव्हरवर पाणी थांबलेले मी पाहिलेले नाही.

बॉनेटवर आलेल्या एअर फिल्टरसाठी वेगळी सोय आहे. त्या जागी लहान मुलाच्या टोपड्यासारखा गोल उंचवटा शिवला आहे. सहा पाकळ्या एकत्र आणून केलेला, आणि नेमक्या शेंड्यावर, जिथे सहा शिलाया मिळतात, तिथे वरून एक गोल चकती वितळवून बसवलेली. कव्हर घालताना हे टोपडे आधी बसवायचे, की बाकीचे कापड आपोआप जागेवर येते. अंधारात, भर पावसात, एकट्याने कव्हर घालण्याची वेळ आली तेव्हा या टोपड्याचे महत्त्व कळले.

सायलेन्सरच्या नळ्यांचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. पीव्हीसीचे कापड ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि नुकत्याच बंद केलेल्या गाडीचा नळा त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. म्हणून झालरीच्या आतून नळ्यांच्या जागी वेल्डिंगवाले ठिणग्या अडवायला वापरतात तसल्या काचतंतूंच्या कापडाची पट्टी लावली आहे. ती पट्टी चार बोटे लांब हवी होती. जुलैत शेतातून येताना पावसाने गाठले, मी घाईने लगेच कव्हर टाकले आणि पट्टीच्या पुढच्या कडेला तळहाताएवढे भोक पडले. गाडी निवायच्या आत झाकू नये ही सूचना मला दिलेली होती, त्यामुळे दोष माझा. पण पावसात माणूस घाई करणारच, हे गृहीत धरून शिवले असते तर बरे झाले असते. ठिगळ लावून मिळाले आणि नवी पट्टी पुरेशी लांब आहे.

दुरुस्तीनंतरची परीक्षा मी स्वतः घेतली. दोन्ही सीटवर, पायाखाली आणि बॉनेटखाली जुनी वर्तमानपत्रे पसरली, कव्हर घातले आणि विहिरीच्या मोटारीचा पाइप वीस मिनिटे वेगवेगळ्या बाजूंनी मारला. वर्तमानपत्र हे गळतीचे फार प्रामाणिक साक्षीदार आहे. थेंब सुकला तरी त्याचे वर्तुळ राहते. ड्रायव्हरच्या बाजूला, आरशाच्या दांडीसाठी केलेल्या चिरेखाली, दहा रुपयांच्या नाण्याएवढा एक ओला ठसा मिळाला. बाकी कागद कोरडे होते. चिरेवरची झडप लांबवून घेतल्यावर तोही थांबला. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात जो पाऊस झाला, त्यात आमच्या घराची मागची भिंत ओल धरून बसली, पण गाडीच्या सीट कोरड्या राहिल्या. झरोक्यांमुळे आतली हवा कुबट झाली नाही. बॉनेटखाली बॅटरीच्या खोक्याजवळ एकदोन सकाळी दव दिसले, आणि उघडीप मिळेल त्या दुपारी कव्हर तासभर मागे सारून ठेवले की तेही सुकत होते.

आता तक्रारी. आठ दिवसांचा वायदा सतरा दिवसांवर गेला आणि मधल्या काळात विचारणा केल्यावर प्रत्येक वेळी ‘उद्या’ हेच उत्तर मिळाले. गाडीखालून जाणाऱ्या पट्ट्यांची बकले लोखंडी आहेत. त्यांच्यावरचा मुलामा दोन महिन्यांत उडाला आणि त्यातल्या एकाने मागच्या पत्र्यावर नखाएवढा ओरखडा काढला. प्लास्टिकची चांगली बकले किंवा पितळी कड्या मागून घ्याव्यात. डाव्या बाजूला ठेवलेली चेन बारीक दातांची आहे, मराठवाड्याच्या धुळीत ती अडकणार हे उघड होते आणि ती अडकली. मोठ्या दातांची चेन बदलून मिळाली, पण तिचे पैसे वेगळे पडले. आणखी एक गोष्ट कारागिराच्या दोषात धरत नाही, पण घेणाऱ्याने जाणून असावी: हे कव्हर आढ्यासह सतरा किलो भरते. माझ्या वयाच्या माणसाने ते एकट्याने घडी करून उचलणे म्हणजे व्यायामच आहे. घडी घालण्याची पद्धत चाचांच्या पोराने मला दाखवली. दोन्ही बाजू आधी आढ्यावर आणायच्या आणि मग मागून पुढे गुंडाळायचे, म्हणजे पुढच्या वेळी टोपडे आपसूक वर येते.

एकूण खर्च बारा हजार सहाशे रुपये झाला. त्यात पहिल्या शिलाईचे नऊ हजार आठशे, आढे आणि त्यानंतरच्या फेरफाराचे दोन हजार चारशे, आणि उरलेले चेन व ठिगळाचे. घरपोच आलेल्या तयार कव्हरच्या किमतीत हे बसत नाही. ज्याची गाडी टपाची आहे आणि रात्री पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते, त्याला एवढा खर्च करण्याचे कारणही नाही. गाडी उघडी असेल, आकाशाखाली उभी राहणार असेल आणि तिचा घाट बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही साच्यात बसत नसेल, तर मात्र मी याच गाळ्याचे नाव घेईन, किंवा नाव नसल्यामुळे पत्ता सांगेन.

जायचे असेल तर पाडव्यानंतर जावे आणि आढ्याची गोष्ट पहिल्याच दिवशी काढावी. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची रास सुरू होते तेव्हा तिथे उभे राहायला जागा नसते. शेतकरी खळ्यावरची ताडपत्री फाटली म्हणून ट्रॅक्टर घेऊन दारात आलेले असतात आणि चाचा त्यांना आधी घेतात, ते योग्यच आहे. गेल्या आठवड्यात बकलांसाठी गेलो तेव्हा माझ्या गाडीचे अकरा तुकडे खिळ्याला सुतळीने बांधून टांगलेले दिसले. त्यावर तेलकट खडूने ‘बिनटप जीप, आढ्यासहित’ असे लिहिले होते. तशाच सांगाड्याची गाडी कोणाची असेल, तर माप घेण्याचा एक दिवस वाचेल. बकले पितळी मिळणार आहेत, दिवाळीनंतर.